गॅस्ट्रिन, सोमॅटोस्टॅटिन आणि जठरातील जंतू : व्रणाच्या इतिहासातील एक प्रकरण

पचनज व्रणाचा इतिहास सांगताना १९८२ हे साल सीमारेषेसारखे मानण्याचा प्रघात पडला आहे. त्या वर्षी एप्रिल महिन्यात ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांना जठराच्या श्लेष्मकलेतील सर्पिल जंतूंचे संवर्धन साधले. ईस्टरच्या सुट्टीमुळे संवर्धनपात्रे नेहमीपेक्षा अधिक दिवस तशीच राहिली, हा त्यातील योगायोग सर्वश्रुत आहे. त्यापूर्वी अम्लाचे राज्य होते, नंतर जंतूंचे आले, अशी मांडणी पुष्कळदा केली जाते. ती सोयीची आहे. यथार्थ नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अम्लाच्या पक्षाचा आधार भक्कम होता. अम्लावाचून व्रण संभवत नाही, असे श्वार्ट्झ यांनी १९१० मध्येच प्रतिपादिले होते. त्याच्याही पाच वर्षे आधी लंडनमध्ये जॉन एड्‌किन्स यांनी जठराच्या अधोभागाच्या अर्कात अम्लस्राव चेतविणारे द्रव्य असल्याचे सांगून त्यास गॅस्ट्रिन हे नाव दिले. त्यांचे दैव मात्र खडतर. अर्कातील हिस्टामिनच ते कार्य करते, असे मत पुढे रूढ झाले आणि गॅस्ट्रिन जवळजवळ बाद ठरले. १९६४ मध्ये लिव्हरपूल येथे ग्रेगरी व ट्रेसी यांनी डुकराच्या जठरातून ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढले, तेव्हा वाद मिटला. ते पाहण्यास एड्‌किन्स हयात नव्हते.

मग १९८९ मध्ये लंडनमधील जॉन कॅलम यांच्या गटाने दोन्ही पक्षांना जोडणारा दुवा पुढे आणला. हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संसर्ग असलेल्या ग्रहणीव्रणाच्या रुग्णांत गॅस्ट्रिनाचे रक्तातील प्रमाण वाढलेले असते व जंतू नष्ट केल्यावर ते उतरते. कारण काय असावे? जंतूचे युरिएज हे एंझाइम युरियापासून अमोनिया निर्माण करते. त्यामुळे गॅस्ट्रिन स्रवणाऱ्या कोशिकांभोवतीचे अम्ल उदासीन होऊन त्यांना आवर घालणारी सूचनाच मिळत नसावी, असा तर्क मांडला गेला. तर्क सुबक होता. परंतु १९९१ मध्ये ग्लासगो येथे युरिएजची क्रिया रोखून पाहिली, तरी गॅस्ट्रिन उतरले नाही.

खरी उकल १९९२ साली झाली, आणि ती जनुकांच्या अभिव्यक्तीकडे पाहिल्यामुळे. लंडनच्या त्याच गटाने उपचारापूर्वीच्या व नंतरच्या ऊतींत दोन हॉर्मोनांचे संदेशवाहक आरएनए मोजले. गॅस्ट्रिनाचे जनुकच चेतविले गेले असते, तर जंतू गेल्यावर त्याचा संदेश घटावयास हवा होता. तो घटला नाही; गॅस्ट्रिनाच्या कोशिकांची संख्याही बदलली नाही. उलट सोमॅटोस्टॅटिनाचा संदेश वाढला आणि ते स्रवणाऱ्या कोशिकाही वाढल्या. सोमॅटोस्टॅटिन हे गॅस्ट्रिनास आवर घालणारे हॉर्मोन होय. लगाम सैल झाल्यावर घोडे उधळावे, तसा हा प्रकार. संशोधकांनी केवळ रक्तातील गॅस्ट्रिन मोजले असते, तर हे दिसणे शक्य नव्हते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. दाहातून निर्माण होणाऱ्या सायटोकाइनांचा या आवर घालणाऱ्या कोशिकांवर दुष्परिणाम होत असावा, असे मानले जाते.

वाढलेले गॅस्ट्रिन मात्र सर्वत्र एकच फळ देत नाही. जठराचा मध्यभाग निरोगी असेल तर अम्लाचा पूर येतो आणि ग्रहणीत व्रण होतो; १९९३ मध्ये ग्लासगोच्या एल-ओमर व मॅककॉल यांनी हा अतिरिक्त स्राव दाखवून दिला. मध्यभागही दाहाने ग्रासला असेल तर अम्ल स्रवणाऱ्या कोशिका मालवतात, गॅस्ट्रिन उंच राहूनही अम्ल घटते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. यांपैकी कोणती वाट धरली जाईल, हे अंशतः रुग्णाच्या स्वतःच्या जनुकांवर अवलंबून असते. इंटरल्यूकिन-१-बीटा हे द्रव्य अम्लस्राव जोरकसपणे रोखते. त्याच्या जनुकातील काही भेदांचा कर्करोगाशी असलेला संबंध एल-ओमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. श्वार्ट्झ यांचे विधान येथेही खोटे ठरत नाही : अम्ल आटलेल्या या दुसऱ्या वर्गातील रुग्णांना ग्रहणीव्रण क्वचितच होतो.