यात्रेचा घोडा आणि शर्यतीचा घोडा : खानदेशातील वाचकांसाठी एक ऐतिहासिक परिचय

खानदेशात घोडा म्हटला की सारंगखेड्याची यात्रा आठवते. तापीकाठचे हे गाव आज नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात आहे. १ जुलै १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते. दत्तजयंतीच्या सुमारास एकमुखी दत्ताच्या यात्रेबरोबर येथे घोडेबाजार भरतो. याच हंगामात मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर शर्यती चालू असतात. आपल्याकडील सुशिक्षित वर्ग मात्र शर्यत म्हणजे जुगार, एवढ्यावर विषय संपवतो. प्रस्तुत लेखात शर्यतीचा परिचय करून देताना घोड्याची पारख करण्याच्या या दोन रीती कोठे वेगळ्या झाल्या, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

यात्रेतील पारख डोळ्यांची असते. मारवाडी व काठेवाडी घोड्याचे आत वळलेले कान, नुकऱ्याचा पांढरा रंग, चार पाय व कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी, गळ्यावरील देवमणाचा शुभ भोवरा, अशुभ ठरणारी खोड, या साऱ्यांवरून किंमत ठरते. रेवाल चालीला विशेष मान आहे. पाठीवरील स्वार हलू नये आणि तरीही वाट झपाट्याने सरावी, ही तिची कसोटी. लांबच्या प्रवासात अशा चालीचे मोल काय असेल, हे सांगावयास नको. सुरत-बुऱ्हाणपूर हा व्यापारी व लष्करी मार्ग खानदेशातूनच जात असे. १६१५ मध्ये इंग्रज वकील सर टॉमस रो नंदुरबारमार्गेच बुऱ्हाणपुरास गेला. १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारकडे आला, मराठी फौजा मोडल्या आणि स्वतःचा घोडा बाळगणाऱ्या शिलेदाराची गरज संपली. आज यात्रेतील घोडा मुख्यतः हौसेसाठी व लग्नाच्या वरातीसाठी घेतला जातो; पारखीची भाषा मात्र स्वाराचीच राहिली आहे.

शर्यतीचा घोडा वेगळा. थरोब्रेड ही जात इंग्लंडमध्ये तयार झाली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पूर्वेकडून तेथे नेलेल्या तीन नरांपर्यंत तिचा पितृवंश जातो. १७९१ मध्ये वंशावळीचे नोंदपुस्तक प्रसिद्ध झाले आणि ज्याचे आईबाप नोंदीत नाहीत तो घोडा पुढे या जातीबाहेर राहिला. गंमत अशी की, त्या तीन नरांचे स्वतःचे पूर्वज कोण, याचा खात्रीलायक कागद नाही.

भारतात मद्रास येथे १७७७ मध्ये, तर पुण्यात १८३० मध्ये शर्यतीचे मैदान झाले. मुंबईत आधी भायखळ्यास व १८८३ पासून महालक्ष्मीस घोडे धावू लागले. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या शर्यतींत अरबी घोड्यांचे वर्चस्व होते. जहाजाने येणारे हे घोडे व्यापाऱ्यांच्या तबेल्यांतून बांधा व चाल पाहून घेतले जात. म्हणजे तोवर शर्यतीच्या घोड्याची पारखही सारंगखेड्यासारखीच होती! थरोब्रेडने अरबी घोड्यास मागे टाकल्यावर कागद प्रमाण झाला.

नवख्या प्रेक्षकाने प्रथम वजन समजून घ्यावे. बहुसंख्य शर्यतींत आधीच्या कामगिरीवरून घोड्यास गुणांक मिळतो. सरस घोड्यावर अधिक वजन चढवतात. जॉकीचे वजन कमी पडल्यास शिशाच्या पट्ट्या घालून ते भरून काढतात. त्यामुळे सामान्य घोड्यासही संधी राहते. डर्बी यास अपवाद आहे. १९४३ पासून होणाऱ्या २४०० मीटरच्या इंडियन डर्बीत चार वर्षांचे नर सारखेच वजन वाहतात, माद्यांना थोडी सवलत असते. मुंबईचा हंगाम हिवाळ्यात, पुण्याचा पावसाळ्यात असतो. राहिला प्रश्न जुगाराचा. घोडा, प्रशिक्षक व जॉकी यांचे कौशल्य शर्यतीत प्रधान असते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. पैसे लावणाऱ्याचा संसार त्याने सावरतो असे नाही, हा भाग वेगळा.

इतिहासाच्या अभ्यासकापुढील अडचण दुसरीच आहे. शर्यतीच्या घोड्याचा जन्म, वंश, वजन, वेळ, सर्व छापील मिळते. यात्रेच्या घोड्याची पारख तोंडी चालते आणि जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून ठरलेल्या भावाचा तर कागदच होत नाही. हे दस्तऐवज दफ्तरखान्यात सापडणारे नव्हेत. खोडींची, रंगांची व चालींची नावे जाणणारे वृद्ध पारखी दरवर्षी मार्गशीर्षात तापीकाठी येतात. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांना तेथे पोहोचावयास एका दिवसाचा प्रवास पुरतो.