व्हालादिए, सर ओग्यूस्त शार्ल

(१८७३–१९३१). फ्रेंच-अमेरिकन दंतवैद्य आणि पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैन्याच्या जबडा-उपचार विभागाचे प्रवर्तक. चेहऱ्यावरील प्लॅस्टिक शस्त्रक्रियेच्या इतिहासात त्यांचे नाव बहुधा हॅरल्ड गिलीझ यांच्या चरित्रातील एका परिच्छेदापुरते येते. ब्रिटनमध्ये ही शाखा ज्या कामातून उभी राहिली, त्याची सुरुवात मात्र व्हालादिए यांनी केली होती.

त्यांचा जन्म पॅरिस येथे झाला. बालपणीच ते अमेरिकेत गेले व फिलाडेल्फिया येथे दंतवैद्यकाचे शिक्षण घेऊन त्यांनी न्यूयॉर्कमध्ये काही काळ व्यवसाय केला. १९१०च्या सुमारास ते पॅरिसला परतले आणि तेथे त्यांचा चांगला जम बसला. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. घरी बसून राहिले असते, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी मात्र ब्रिटिशांकडे आपली सेवा देऊ केली आणि त्याच वर्षी ते बूलोन बंदरात दाखल झाले.

ब्रिटिश सैन्याला त्यांची गरज किती होती, हे त्या सैन्याच्या पूर्वेतिहासावरून कळते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९–१९०२) दातांच्या विकारांमुळे दोन हजारांवर सैनिक सेवेस निरुपयोगी ठरले होते. इतके होऊनही १९१४ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सला गेलेल्या सैन्याबरोबर एकही दंतवैद्य नव्हता. एन नदीच्या लढाईच्या सुमारास सेनापती डग्लस हेग यांची दाढ दुखू लागली आणि पॅरिसहून दंतवैद्य बोलवावा लागला, असे सांगतात. हा दंतवैद्य म्हणजे व्हालादिएच, अशी एक समजूत आहे. तिला भक्कम आधार नाही. मात्र त्यानंतर थोड्याच अवधीत दंतवैद्यांची पहिली तुकडी फ्रान्सकडे रवाना झाली, आणि युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश सैन्यातील दंतवैद्यांची संख्या आठशेच्या वर गेली. सामान्य शिपायाच्या दुखण्याने जे झाले नाही, ते सेनापतीच्या दाढदुखीने झाले असल्यास नवल नाही.

व्हालादिए यांनी आपल्या रोल्स-रॉइस मोटारीत दंतवैद्याची खुर्ची, कोरणी व इतर साहित्य बसवून घेतले होते. या फिरत्या दवाखान्यातून ते लष्करी मुख्यालयातील अधिकाऱ्यांचे दात सोन्याने भरीत. खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या सेनाधिकाऱ्याला वाद घालता येत नाही, हे त्यांनी पुरेपूर ओळखले होते. जबड्याच्या जखमांसाठी स्वतंत्र विभाग हवा, ही मागणी त्यांनी अशाच रीतीने अधिकाऱ्यांच्या गळी उतरवली. बूलोनजवळील विमरे येथे त्यांना असा विभाग मिळाला आणि त्यावर त्यांनी स्वतःचा पैसाही खर्च केला.

खंदकयुद्धात मातीच्या बांधाआडून डोके वर काढणाऱ्याचा चेहराच प्रथम माऱ्यात सापडे. पोलादी शिरस्त्राणे सैन्यात सर्रास मिळू लागली, ती १९१६ मध्ये. जबडा फुटलेल्या सैनिकाला डोलीवर उताणे निजवले, तर जीभ मागे पडून तो गुदमरे. त्याला पुढे झुकवून बसवणे हाच त्यावर उपाय होता. जो जगे, त्याच्या तुटलेल्या हाडांची टोके एकत्र ओढून तारेने बांधण्याकडे शल्यचिकित्सकांचा कल असे. त्यामुळे जखम मिटे. पण जबडा आखूड होई, वरच्या व खालच्या दातांचा मेळ बसत नसे आणि चर्वणशक्ती कायमची जाई. व्हालादिए दंतवैद्याच्या दृष्टीने पाहत: आधी दातांची जुळणी, मग त्वचा. गमावलेल्या हाडाची जागा ते धातूच्या आधारपट्ट्यांनी मोकळी राखीत. काही रुग्णांत स्क्रूच्या साधनाने हाडांचे तुकडे हळूहळू दूर सारून त्या फटीत नवे हाड धरावे, असा प्रयत्नही त्यांनी केला. प्रतिजैविके अजून उपलब्ध नव्हती. म्हणून जखमा पाण्याच्या दाबाखाली वारंवार धुण्यावर त्यांचा भर असे.

एक अडचण मात्र होती. दंतवैद्याला वैद्यकीय पर्यवेक्षणाशिवाय शस्त्रक्रिया करण्याची मुभा नव्हती. म्हणून १९१५ मध्ये गिलीझ या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या, कान-नाक-घशाच्या तरुण शल्यचिकित्सकाची त्यांच्यावर देखरेखीसाठी नेमणूक झाली. पर्यवेक्षक म्हणून आलेले गिलीझ विद्यार्थी होऊन परतले. जबड्यातील अस्थिरोपणाचे प्रयत्न पाहून या कामाची त्यांना ओढ लागली; पुढे पॅरिसला जाऊन त्यांनी इपॉलित मॉरेस्तँ यांची शस्त्रक्रियाही पाहिली. १९१६ मध्ये ऑल्डरशॉट व १९१७ मध्ये सिडकप येथे त्यांनी उभारलेल्या केंद्रांतून आधुनिक प्लॅस्टिक शस्त्रक्रिया घडली. (कपाळाच्या त्वचेने नाक घडवण्याची जी पद्धत तेथे उपयोगात होती, ती यूरोपात सर्वज्ञात झाली ती पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेच्या १७९४ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या वृत्तांतामुळे. टिपूच्या कैदेत नाक कापला गेलेला कावसजी नावाचा मराठा गाडीवान हा त्यातील रुग्ण होता.)

व्हालादिए यांच्या कार्याचे मोल ठरवताना व्हाराझ्ताद काझांजियन या आर्मेनियन-अमेरिकन दंतवैद्याशी तुलना उद्‌बोधक ठरते. तेही त्याच किनाऱ्यावर ब्रिटिश सैन्यासाठी असेच काम करीत होते. युद्धानंतर त्यांनी वैद्यकाची पदवी मिळवली आणि हार्व्हर्ड विद्यापीठात ते प्लॅस्टिक शस्त्रक्रियेचे प्राध्यापक झाले. व्हालादिए यांनी ती वाट धरली नाही. शल्यचिकित्सक लॉरेन्स व्हेल यांच्यासमवेत १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल हे त्यांचे महत्त्वाचे लेखन होय. शिष्यपरंपरा व ग्रंथ मागे न ठेवणाऱ्याचे श्रेय इतरांच्या खाती जमा होते; येथेही तसेच झाले. गिलीझ मात्र विसरले नाहीत. १९५७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या स्थूल, गोड बोलणाऱ्या सहकाऱ्याची आठवण काहीशा मिस्कीलपणे, पण ऋण मान्य करून नोंदवली आहे.

ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारल्यानंतर १९२१ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. ब्रिटिश सैन्याचे स्वतंत्र दंतवैद्यक दल स्थापन झाले, तेही त्याच वर्षीच्या जानेवारीत. उत्तरायुष्यात ते विमरेच्या दक्षिणेस, त्याच किनाऱ्यावरील ल तूके येथे राहत. जुगाराच्या नादात त्यांची संपत्ती संपली आणि १९३१ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले, तेव्हा मागे कर्ज उरले होते.