बाधा, सियागुतणिका आणि सामडिनिका : लोकलने गाठायची चार लेणी



आपल्या तळेगावच्या बायकांना लोकल काही नवी नाही. कुणी नोकरीसाठी पिंपरी-चिंचवडला जाते, कुणाचं माहेर लोणावळ्याला असतं, आणि वडगाव-कामशेतकडच्या बायका बाजाराला आपल्याकडे येतात. पण याच लोकलने, डबा बांधून, नुसतं चालायला म्हणून आपण किती जणी गेलो आहोत? आज चार वाटा सांगते. चारही पुणे-लोणावळा लोकलच्या स्टेशनांवरून निघतात. चारही वाटांच्या शेवटी डोंगरात कोरलेलं लेणं आहे आणि त्या प्रत्येक लेण्यात कुणा ना कुणा बाईचं नाव दगडात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. आपण कमानी पाहतो, खांब पाहतो, फोटो काढतो आणि खाली उतरतो. नावं तिथेच राहतात.

आधी रुळांबद्दल थोडं बोलू, कारण तिथेही एक बाई आहे. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. खाली कोकणातून खोपोलीपर्यंत गाडी येत होती, पण मधला बोरघाट बाकी होता. तेवढा घाट लोक पालखीत बसून नाहीतर तट्टावरून चढत. घाटाच्या कामाचा पहिला कंत्राटदार १८५९ साली बाजूला झाला. मजुरीवरून मजुरांचा मोठा उद्रेक झाला होता, तोही त्याच वर्षीचा. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार आला आणि आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको ॲलिस. ती मायदेशी परत जाऊ शकली असती, पण तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, अनुभवी माणसं कामावर देखरेखीला ठेवली आणि घाट पुरा करून दिला. १८६३ साली बोरघाटातून गाडी धावली.

ॲलिसबाईंचं कौतुक करावंच. पण १८६१ साली या घाटात ४२ हजार माणसं राबत होती आणि त्यांत पाट्या उचलणाऱ्या कितीतरी बायका होत्या. रोगराईने, दरडींनी, सुरुंगांनी त्यांतली पुष्कळ माणसं गेली. त्यांतल्या एका बाईचंही नाव मी तुम्हाला सांगू शकत नाही. कंत्राट जिच्या नावावर, तिचं नाव उरलं. हे लक्षात ठेवून आता लेण्यांकडे चला, म्हणजे तिथे काय वेगळं घडलं ते उमगेल.

रूळ जिथून गेले ती वाट इंग्रजांनी शोधलेली नाही. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांवरचा माल घाट चढून याच इंद्रायणीच्या खोऱ्यातून देशावर जायचा. व्यापारी तांडे चालले की वाटेत मुक्काम आला, पाणी आलं, आणि बौद्ध भिक्षूंचे विहारही आले. म्हणून ही लेणी एकाआड एक अशी आपल्या लोकलच्या दोन्ही अंगांना आहेत.

पहिली वाट अगदी जवळची. तळेगावहून पुण्याकडे जाताना पहिलंच स्टेशन घोरावाडी. शेलारवाडीच्या डोंगरावरचं घोरावडेश्वराचं देऊळ आपल्यापैकी अनेकींनी महाशिवरात्रीला पाहिलं असेल. ते मुळात बौद्ध लेणंच. तुकाराम महाराज एकांतासाठी या डोंगरावर येत, असं परंपरा सांगते. तिथल्या एका लेखात म्हटलं आहे की, धेनुकाकट गावच्या उसभणक नावाच्या कुणब्याची बायको सियागुतणिका हिने, आपला मुलगा नंद याच्यासह, हे लेणं दान दिलं. लेखात नवऱ्यासाठी ‘हालकिय कुडुबिक’ असे शब्द आहेत. हल म्हणजे नांगर आणि कुडुबिक म्हणजे कुटुंबवाला शेतकरी. धेनुकाकट नेमकं कुठलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण बाई शेतकऱ्याच्या घरची होती याबद्दल शंका नाही. आणि दान देणारी ती आहे. नवरा फक्त ती कुणाची कोण हे सांगण्यापुरता आला आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेसाठी लोणावळ्याकडच्या लोकलने मळवलीला उतरायचं. दक्षिणेला, द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडून भाजे गाव लागतं. रमतगमत अर्धा तास, मग पायऱ्या. पावसाळ्यात शनिवार-रविवारी धबधब्यापायी इथे इतकी गर्दी होते की लेणं पाहणं राहूनच जातं, तेव्हा मधला वार किंवा दिवाळीनंतरचे दिवस धरा. भाजे हे महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या लेण्यांपैकी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं मानतात. चैत्याचे खांब वर जाताना आत कललेले आहेत, लाकडी घराचे असतात तसे, आणि छताच्या कमानीला खरोखरीच्या लाकडाच्या फासळ्या आहेत. पुढे गेल्यावर चौदा स्तूपांचा घोळका दिसतो, त्यांवर थेरांची म्हणजे थोर भिक्षूंची नावं आहेत.

या भाज्याच्या एका विहारात, खोलीच्या दाराशी एक छोटासा लेख आहे. दोन-तीन शब्दांचा. त्याचा अर्थ इतकाच : नांगरणाऱ्याची बायको बाधा हिचं दान. मूळ शब्द ‘हालिकजाया’. गाव नाही, राजा नाही, नवऱ्याचं नावसुद्धा नाही! तिने किती दिलं, कशातून दिलं, हे लेख सांगत नाही आणि मीही कल्पनेने सांगणार नाही. पण डोंगर फोडून खोली करायला पाथरवटांना रोज मोजावा लागे. म्हणजे शेतकऱ्याच्या घरातल्या बाईच्या हाती स्वतःच्या नावाने देता येईल असं काहीतरी होतं, आणि तिचं नाव कोरायला कुणाची हरकत नव्हती. आपल्याकडे सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावा म्हणून शेतकरी संघटनेला ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम काढावी लागली, हे ज्यांना आठवतं त्यांना बाधाचा लेख वाचून जरा थांबावंसं वाटेल.

भाजे उतरून परत मळवलीला आलं की रूळ ओलांडून उत्तरेला कार्ले. ही वाट लांब, जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडून तासाभराहून अधिक. पाय दुखत असतील तर रिक्षा करा, त्यात कमीपणा नाही. वर एकवीरा आईचं देऊळ आणि त्याला लागूनच चैत्य. १२४ फूट लांब, ४६ फूट उंच. आपल्या देशातल्या कोरीव चैत्यांत हा सर्वांत मोठा. वैजयंतीच्या भूतपाल शेठीने तो पुरा केला, असं तिथला लेख अभिमानाने सांगतो. पण आतले खांब पाहत गेलं तर हे एकट्या शेठीचं काम नव्हे हे कळतं. एकेक खांब एकेकाने दिला आहे, त्यांत यवन म्हणजे परदेशी वंशाचेही आहेत. दार एका सुगंधी द्रव्यं विकणाऱ्या गांधिकाचं दान आहे. आपल्याकडे गावकीची वर्गणी निघते तसाच प्रकार.

या वर्गणीत भिक्षुणीही आहेत. दर्शनी भागात वेदिकेचे म्हणजे कठड्याच्या नक्षीचे पट्टे कोरले आहेत. त्यांतला एक आषाढमित्रा नावाच्या भिक्षुणीचं दान. दुसरा कोडी नावाच्या भिक्षुणीचा, आणि तिच्या नावापुढे लिहिलं आहे ‘घुणिकाची आई’. मला सगळ्या लेखांत हा सर्वांत जवळचा वाटतो. बाई घर सोडून संघात गेली, मुंडन केलं, चीवर घेतलं. तरी दगडावर नाव घालताना लेकराचं नाव सोडवलं नाही, किंवा लोक तिला तशाच ओळखत होते. कोरणाऱ्या नंदिकाचंही नाव त्याच लेखात आहे.

आईचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करते. सातवाहन काळातले पुरुष गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र, कौशिकीपुत्र असं लिहीत. भाज्याचं एक पाण्याचं टाकं कोसिकीपुत्र विन्हुदत्त या महारठीचं आहे. यावरून ‘तेव्हा आईचं नाव लावत’ असं भाषणांत सांगतात. ते पुरतं खरं नाही. गौतमी, कौशिकी ही आईच्या गोत्रावरून आलेली नावं, तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचं नाव बलश्री होतं आणि ते आपल्याला कळतं ते नाशिकच्या लेण्यात तिने स्वतः दिलेल्या दानाच्या लेखामुळे. आपल्या राज्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव बंधनकारक झालं. ते मात्र तिचं स्वतःचं नाव असतं, हा फरक मोठा आहे.

ही अक्षरं ब्राह्मी लिपीतली आहेत. मधल्या काळात ती कुणालाच वाचता येईनाशी झाली आणि लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली अशी कथा गावोगाव रुजली. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास लिपी उलगडली. मग बर्जेस आणि आपले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिमेकडच्या लेण्यांतले लेख वाचून १८८१ मध्ये छापले. तोवर एकवीरेला नवस फेडायला जाणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्या बायका कोडीच्या नावाजवळून गेल्या असतील. तुम्ही जाल तेव्हा दोन अक्षरं ओळखा : बेरजेच्या चिन्हासारखं असतं ते ‘क’, आणि आडव्या रेघेवर उभी काठी असते ते ‘न’. लेखाच्या शेवटी हा ‘न’ दिसला तर शब्द बहुधा ‘दानं’ असतो. लेखांवर खडू किंवा पाणी लावू नका, बोटही फिरवू नका. आधीच झिजले आहेत.

चौथी वाट कामशेतहून. बेडसे स्टेशनापासून बरंच दूर आहे, सातएक किलोमीटर. पवनेच्या रस्त्याने फाट्यापर्यंत वाहनाने जाऊन पुढे गावातून चालावं, शेवटी चारेकशे पायऱ्या. सकाळची पहिली लोकल धरा, कारण लेणं पूर्वेकडे तोंड करून आहे आणि ऊन कोवळं असतानाच थेट आत येतं. उंच खांबांच्या माथ्यावर हत्ती-घोड्यांवर स्वार झालेली जोडपी आहेत, त्यांत बायकाही ऐटीत बसल्या आहेत. गर्दी जवळजवळ नसते. प्यायचं पाणी घरूनच न्या.

इथे पाण्याच्या टाक्यावर लेख आहे : महाभोजाची मुलगी, महारठिणी, आपदेवणकाची पत्नी सामडिनिका हिचं हे देयधर्म, म्हणजे धर्मदान. ही मोठ्या घरची. बाधेसारखी नव्हे. बाप महाभोज, म्हणजे मोठा सरदार, आणि ती स्वतः महादेवी म्हणवणारी. तळेगावकर बायकांना तिच्यावरून उमाबाई दाभाडे आठवतील. १७३१ च्या डभोईच्या लढाईत मुलगा त्रिंबकराव पडल्यावर सेनापतींच्या घराण्याचा कारभार सांभाळणाऱ्या. पण सामडिनिकेने चैत्य दिला नाही, खांब दिला नाही. डोंगरावर राहणाऱ्यांसाठी पाणी साठवायचं टाकं दिलं. खालून घागर भरून या पायऱ्या चढायच्या म्हणजे काय, ते तुम्ही वर पोचल्यावर सांगा. टाकं अजून तिथेच आहे, लेख त्याच्या वरच्या कातळावर. परतीची लोकल दुपारी विरळ असते, तेवढं वेळापत्रक बघून उतरायला लागा.