आधी आवाज, मागाहून चेहरा

आम्हा मास्तर मंडळींना एक गोष्ट अंगवळणी पडलेली असते. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव नसते. नुसता क्रमांक असतो. नाव दिसले की आडनाव दिसणार, आणि आडनाव दिसले की तपासणाऱ्याचा हात कुठे सैल, कुठे आखडता होणार, ही त्यामागची धास्ती. या रिवाजाचा मला मोठा अभिमान वाटे. चार्ली प्राइड या अमेरिकन गवयाच्या पहिल्या तबकडीची हकीकत कळल्यापासून मात्र तो अभिमान थोडा ओसरला आहे.

अमेरिकेत 'कंट्री' म्हणून गाण्याचा एक प्रकार आहे. शेत, दारिद्र्य, तुरुंग, रेल्वे, दूर राहिलेले घर, असे त्याचे विषय. हे गाणे गोऱ्या खेडुतांचे, अशी सर्वांची समजूत. गंमत अशी, की त्यातले बँजो हे वाद्य मूळ आफ्रिकेतून गुलाम होऊन आलेल्या लोकांचे! वाद्य घरात आले. वाजवणारा मात्र उंबऱ्याबाहेर राहिला.

चार्ली १९३४ साली मिसिसिपी राज्यातल्या स्लेज या गावी जन्मला. अकरा भावंडे, आईबाप दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणारे, कृष्णवर्णीय. शनिवारी रात्री बाप रेडिओवर नॅशव्हिलचा 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम लावी. पोर कान देऊन ऐके. चौदाव्या वर्षी त्याने स्वतःची गिटार घेतली. गाणे गोऱ्यांचे की काळ्यांचे, हे रेडिओच्या पेटीने त्याला कधी सांगितलेच नाही.

पण पोट गाण्याने भरणार नव्हते. तो बेसबॉल खेळू लागला. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीयांचे संघ वेगळे असत आणि नेहमी पैशाच्या ओढीत असत. एका संघाने त्याला व त्याच्या एका सोबत्याला दुसऱ्या संघाच्या हवाली केले, ते बसगाडीच्या बदल्यात! पुढे तो मोंटाना राज्यात धातू गाळण्याच्या कारखान्यात लागला. तिथल्या संघाकडून खेळताना, सामन्याआधी गाण्याचे त्याला वेगळे दहा डॉलर मिळत.

१९६५ साली जॅक क्लेमेंट नावाच्या जाणकाराने त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. ती आर.सी.ए. कंपनीच्या चेट अ‍ॅटकिन्सने आपल्या वरिष्ठांना ऐकवली. आवाज सर्वांना पसंत पडला. मग सांगण्यात आले, की गाणारा कृष्णवर्णीय आहे. तरीही करार झाला, ही त्या मंडळींची हिंमत खरीच. पण १९६६ च्या आरंभी पहिली छोटी तबकडी रेडिओ केंद्रांकडे गेली ती गायकाच्या छायाचित्राशिवाय. वर नाव होते, 'कंट्री चार्ली प्राइड'. समान नागरी हक्कांचा कायदा होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. कायद्याने दार उघडले होते. मने अजून कडी लावून बसली होती.

त्याच वर्षी डेट्रॉइटला दहा हजार श्रोत्यांपुढे तो प्रथम उभा राहिला. नाव पुकारताच टाळ्यांचा कडकडाट झाला. तो प्रकाशात आला आणि टाळ्या विरल्या. त्या शांततेत त्याने आपल्याच रंगावर हलका विनोद केला. लोक हसले, आणि मग ऐकू लागले.

आणि त्याच वर्षी त्याची पहिली मोठी तबकडी निघाली. तिचेही नाव 'कंट्री चार्ली प्राइड'. बारा गाणी, त्यांतली बरीचशी आधी गोऱ्या गायकांनी लोकप्रिय केलेली. म्हणजे मापायला गज श्रोत्यांच्या हातातच होता. या तबकडीच्या वेष्टनावर मात्र त्याचे छायाचित्र होते. आता लपवालपव संपली. ज्याला घ्यायची त्याने चेहरा बघून घ्यावी! आणि लोकांनी घेतली.

१९७१ साली कंट्री संगीताच्या संस्थेने वर्षाचा सर्वश्रेष्ठ कलावंत म्हणून त्याला गौरवले. २००० साली त्या संगीताच्या मानकऱ्यांत त्याचे नाव गेले. १२ डिसेंबर २०२० रोजी, करोनाच्या साथीत, शहाऐंशीव्या वर्षी तो वारला.

हकीकत गोड शेवटाची आहे, हे मी जाणतो. तरी एक सल राहतोच. आवाज खरा होता, तर चेहऱ्याला मागून का यावे लागले? नाव झाकून जो न्याय मिळतो तो न्यायच. पण झाकण घालावे लागते, यात तपासणाऱ्याची परीक्षा झालेली असते आणि तीत तो नापास झालेला असतो.

बोर्डाच्या उत्तरपत्रिकांचे ठीक आहे. पण वर्गातल्या चाचणीच्या वह्यांवर नावे असतात. दिवाळीच्या सुट्टीआधीचा गठ्ठा घेऊन परवा बसलो होतो. दोन वह्यांपाशी माझा लाल पेन्सिलीचा हात अडखळला. मी मुखपृष्ठ उलटून नाव पुन्हा वाचले, मग उत्तर पुन्हा वाचले, आणि एका वहीतला अर्धा गुण वाढवला. तो आधी का कापला होता, ते मला सांगता येईना.