कलम ४३बी(एच)
कलम ४३बी(एच) ही भारताच्या आयकर अधिनियम, १९६१ मध्ये वित्त अधिनियम, २०२३ अन्वये समाविष्ट झालेली तरतूद आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांची देयके वेळेत चुकती व्हावीत, हा तिचा उद्देश होय. ती करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून लागू झाली.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत पुरवठादाराचे पैसे देणे बंधनकारक आहे. ही मुदत उलटल्यास त्या खर्चाची वजावट रक्कम प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच मिळते. परिणामी वर्षअखेरीस अशी थकबाकी ठेवणाऱ्या खरेदीदाराचे त्या वर्षाचे करपात्र उत्पन्न वाढते. मध्यम उद्योगांना हे संरक्षण नाही. मोठे खरेदीदार नोंदणीकृत लघु पुरवठादारांना टाळतील, अशी भीती काही उद्योजकांनी व्यक्त केली.