शेजारचे ढेकूण

इतिहास राजेरजवाड्यांचा असतो, असं आम्हांला शाळेत शिकवलं. पण राजाच्या पलंगात कोण राहत होतं, याबद्दल मास्तर कधी बोलले नाहीत. वास्तविक घराणं म्हणावं तर ढेकणांचं! २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार हे कूळ सुमारे साडेअकरा कोटी वर्षांचं, म्हणजे डायनोसॉरांच्या अमदानीतलं. डायनोसॉर गेले, ढेकूण राहिले. पुढे वटवाघळांवर पोसलेल्या त्यांच्या एका शाखेला उघड्या अंगाचा माणूस सापडला आणि तिनं बिऱ्हाड बदललं.

पंचतंत्रात मंदविसर्पिणी नावाची ऊ राजाच्या शय्येत सुखानं नांदत असते. तिच्याकडे एक ढेकूण पाहुणा येतो, राजाला झोप लागण्याआधीच चावतो आणि पलंगाच्या फटीत पसार होतो. सेवक शोधाशोध करतात आणि सापडते ती बिचारी ऊ. चावणारा एक आणि मरणारा शेजारी!

१७३० साली जॉन साउदॉल नावाच्या लंडनकरानं ढेकणांवर चक्क पुस्तक लिहिलं. १६६६ च्या आगीनंतर नवी घरं बांधायला जे परदेशी लाकूड आणलं, त्यातून ही ब्याद आली असावी, असा तर्क त्यानं त्यात नोंदवला आहे. म्हणजे साहेबाच्या घरातले ढेकूणही दुसऱ्याचेच!

आमच्या चाळीत हाच सिद्धांत होता.

"काकू, तुमच्याकडे ढेकूण झालेत का हो?"

"छे गं बाई! आमच्याकडे कुठले? पलीकडून एखादा येत असेल."

अशा वेळी मुलांची चादर मात्र साक्ष देत असे. तिच्यावर रक्ताचे बारीक डाग, गादीच्या शिवणीत काळे ठिपके, फटीत टाकलेली कात आणि साबुदाण्याहूनही बारीक पांढरी अंडी. हे दिसलं, की समजावं, पाहुणे सहकुटुंब आलेत.

मग गुपचूप डीडीटी यायची. १९३९ साली पॉल म्युलरनं तिचा कीटकनाशक गुण शोधला आणि १९४८ साली त्याला नोबेल मिळालं. ढेकणांनी मात्र त्याआधीच, १९४७ साली, पर्ल हार्बरच्या बराकींत तिला दाद देणं सोडलं होतं. सात नंबरनं फवारणी केली, की ढेकूण भिंतीच्या फटीतून आठ नंबरात. आठ नंबरनं केली, की परत माहेरी.

शेवटी एका रविवारी तात्या चौकात उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आमच्याकडे ढेकूण आहेत." चाळीत शांतता पसरली. कुणाच्या घरी चोर शिरल्याचं सांगतानाही इतकं धैर्य लागत नाही. मग हळूच एक दार उघडलं. "आमच्याकडेही आहेत थोडे." मग दुसरं. तासाभरात सगळ्यांच्या खाटा खाली आल्या. बंबांचं उकळतं पाणी सांध्यासांध्यांत ओतलं गेलं, चादरी उकळल्या, भिंतींच्या फटी लांबीनं बुजवल्या. उन्हात गादी टाकली, की ढेकूण नुसता सावलीच्या बाजूला सरकतो. पण पन्नास अंशांच्या वरची कडक उष्णता त्याला आणि त्याच्या अंड्यांनाही सोसत नाही. पंधरा दिवसांनी चाळीनं तेच पुन्हा केलं. मग कित्येक वर्षांनी चाळ शांत झोपली.

औषधांना निर्ढावलेले ढेकूण आता जगभर परतले आहेत. २०२३ साली पॅरिसमध्ये तर आगगाडीत बसायला माणसं कचरत होती. परवा वसतिगृहातून पुतणीचा फोन आला. आवाज अगदी दबलेला. "काका, कुणाला सांगू नका, माझ्या खोलीत ढेकूण झालेत."

मी म्हटलं, "अगं, लपवतेस काय? ढेकूण म्हणजे काही अस्वच्छतेचा दाखला नव्हे. त्याला फक्त रक्त लागतं, खानदान नाही. आधी शेजारच्या खोलीतल्या मुलींना सांग."

ती म्हणाली, "त्यांना काय सांगायचं? त्यांच्याकडूनच तर आलेत!"