रेकॉर्डच्या लेबलवर न मावलेली नावं

मंडळी, एक छोटा प्रयोग करून बघा. ६० च्या दशकातलं तुमच्या आवडीचं एखादं हिंदी गाणं लावा आणि गायकाचा आवाज यायच्या आत बंद करा. गाणं कोणतं ते ओळखता आलं ना? बहुतेकांना येतं. आता सांगा, जे चार-पाच सेकंद ऐकून तुम्ही गाणं ओळखलंत, ते सूर कागदावर कोणी लिहिले? वाजवले कोणी?

"शंकर-जयकिशन" किंवा "ओ. पी. नय्यर" असं उत्तर द्याल, तर ते अर्धंच बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी हा लेख.

मी राहते ते अल रीम आयलंड म्हणजे अबू धाबी शहराला पुलांनी जोडलेलं एक बेट. आज इथे टॉवर्सची रांग आहे, सोरबॉन विद्यापीठाची शाखा आहे, मॉल आहे. ६० च्या दशकात यातलं काहीही नव्हतं. तेव्हा अबू धाबीत चलन मात्र आपलं होतं! रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून आखातासाठी छापलेला खास रुपया इथे १९६६ पर्यंत चालत असे. मुंबईशी व्यापार जुना, त्यामुळे हिंदी गाणीही इथे परकी नाहीत. मध्यंतरी घरी येताना टॅक्सीत 'संगम'मधलं गाणं लागलं होतं. ड्रायव्हर पेशावरचा. तो गुणगुणत होता, पण शब्द नाही, दोन अंतऱ्यांच्या मधला व्हायोलिनचा तुकडा! त्याला विचारलं, तर म्हणाला, "गाना तो सब गाते हैं, मज़ा इसमें है."

तर हा मधला तुकडा आला कुठून?

हिंदी सिनेमाचा संगीतकार साधारणपणे हार्मोनियमवर चाल बांधायचा. मुखडा, अंतरा, ठेका ठरला की त्याचं मुख्य काम झालं. पण पडद्यावर ऐकू येणारं गाणं म्हणजे नुसती चाल नव्हे. सुरुवातीचा तुकडा, मधले तुकडे, गायकाच्या आवाजामागून वेगळ्याच वाटेने जाणारी व्हायोलिनची ओळ, ट्रंपेटने कुठे बोलायचं आणि चेलोने कुठे गप्प बसायचं, हे सगळं कोणीतरी स्टाफ नोटेशनमध्ये लिहावं लागतं. प्रत्येक वादकासमोर त्याचा त्याचा कागद ठेवावा लागतो. हे काम करणारा तो अरेंजर, म्हणजे संगीत संयोजक. संगीतकार त्याला काय हवं ते सांगायचा, गाऊन दाखवायचा, पण ते पन्नास माणसांना एका वेळी वाजवता येईल अशा रूपात आणणं ही वेगळीच विद्या होती.

ही विद्या मुंबईत प्रामुख्याने गोव्याहून आली. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चला जोडून शाळा असत, तिथे मुलांना लहानपणीच नोटेशन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. हेतू चर्चमधल्या प्रार्थनासंगीताचा, पण त्यातून गावोगाव स्वरलिपी वाचणारी माणसं तयार झाली. पोटासाठी ती ब्रिटिश हिंदुस्थानात आली, हॉटेलांत आणि बँडमध्ये वाजवू लागली. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या एकेका गावाच्या 'कुडी' होत्या, तिथे स्वस्तात राहायची सोय होई. मग १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला. दारू गेली तसे हॉटेलांतले रात्रीचे कार्यक्रमही रोडावले आणि जॅझ वाजवणाऱ्यांनी सिनेमाच्या स्टुडिओंची वाट धरली. सिनेसंगीताला वाद्यवृंद मोठा करायचा होताच. गरज आणि माणसं एकाच वेळी समोरासमोर आली.

काही नावं सांगते. सेबॅस्टियन डिसूझा यांचा फाळणीपूर्वी लाहोरमध्ये हॉटेलात बँड होता. पुढे ते मुंबईत आले आणि ५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून दोनेक दशकं शंकर-जयकिशनचे अरेंजर होते. 'जंगली' (१९६१), 'संगम' (१९६४), 'ॲन इव्हनिंग इन पॅरिस' (१९६७) आठवा. तो व्हायोलिनचा भरगच्च पडदा नसता, तर ही गाणी आपल्याला अशीच आठवली असती का? याच जोडीचे दुसरे सहायक दत्ताराम वाडकर, हेही गोव्याचे. ढोलकीवरचा एक ठेका वादक मंडळींत आजही 'दत्ताराम ठेका' म्हणूनच ओळखला जातो.

आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, अर्थात सी. रामचंद्र, यांच्याबरोबर ट्रंपेटवाला चिक चॉकलेट होता. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, हाही गोव्याचा. 'अलबेला' (१९५१) मधला पाश्चात्य ढंग त्या सहवासातला आहे. चिक १९६७ साली गेला.

आणि अँथनी गोन्साल्विस! 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मुळे हे नाव घराघरांत गेलं, पण ते खऱ्या माणसाचं आहे हे किती जणांना ठाऊक होतं? ते दक्षिण गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि अरेंजर. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि गुरूचं नाव त्यांनी असं गाण्यात आणलं. गोन्साल्विसांचं स्वप्न मोठं होतं. आपल्या रागांवर आधारलेलं संगीत पाश्चात्य पद्धतीच्या पूर्ण वाद्यवृंदाने वाजवायचं. १९५८ साली त्यांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात तसा कार्यक्रम केलाही, आणि त्यात गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. १९६५ मध्ये ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले. परत आले ते सिनेसृष्टीत नाही, गावी. २०१२ मध्ये वारले.

फक्त गोव्याचीच मंडळी होती असं अर्थातच नाही. 'कश्मीर की कली' (१९६४) मधल्या रफीच्या प्रसिद्ध गाण्यातला सॅक्सोफोन कोलकात्याहून आलेल्या मनोहारी सिंगांचा. 'आराधना' (१९६९) मधल्या त्या पावसाळी रात्रीच्या गाण्यातलं ॲकॉर्डियन पारशी केरसी लॉर्ड यांचं. 'गाइड' (१९६५) च्या एका गाण्यात तबल्यावर चक्क शिवकुमार शर्मा आहेत. गोवेकर, पारशी, बंगाली, मराठी, नेपाळी वंशाचे, सगळे एका खोलीत.

त्या खोलीबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण इंजिनिअर म्हणून मला तिचं फार कौतुक वाटतं. आज प्रत्येक वाद्य वेगळं ध्वनिमुद्रित करून नंतर कमी-जास्त करता येतं. तेव्हा गायक आणि सगळे वादक एकत्र, एकाच वेळी, मोनोमध्ये. मिक्सिंग व्हायचं ते वाजवतानाच. कोण माइकपासून किती लांब बसणार, सोलोच्या वेळी कोण पुढे सरकणार, यावर सगळा तोल. तिसऱ्या मिनिटाला एकाचा सूर चुकला की पन्नास जणांनी पुन्हा पहिल्यापासून! म्हणजे जे गाणं आपण ऐकतो, त्यात प्रत्येकाने ती तीन-साडेतीन मिनिटं निभावून नेलेली असतात.

आणि मग ते रेकॉर्डवर जायचं. रेकॉर्डच्या मधोमध गोल कागदी लेबल. त्यावर चित्रपट, गायक, संगीतकार, गीतकार. संपली जागा. सिनेमाच्या श्रेयनामावलीत सेबॅस्टियन आणि दत्ताराम 'सहायक' म्हणून क्षणभर दिसत. पण सिनेमा कधी ना कधी थिएटरातून उतरायचा आणि रेकॉर्ड वर्षानुवर्षं वाजायची.

आमच्या व्यवसायात प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, टायटल ब्लॉक म्हणतात तिला. कोणी काढलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं, तीन वेगळे रकाने. मंजूर करणारा कितीही मोठा साहेब असो, काढणाऱ्याचं नाव राहतंच. हे काही इंजिनिअर फार उदार असतात म्हणून नव्हे! रकाना छापलेला असतो, म्हणून तो भरावा लागतो. रेकॉर्डच्या लेबलवर तो रकानाच नव्हता. शंकर-जयकिशन किंवा नय्यर दुष्ट होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांनी या लोकांना वर्षानुवर्षं काम दिलं, मान दिला. नाव पुसायला कोणी खलनायक लागत नाही, फॉर्ममध्ये एक ओळ कमी असली की पुरे.

बरं, असलेले रकाने तरी फुकट मिळाले होते का? 'महल' (१९४९) च्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून आधी 'कामिनी' हे पडद्यावरच्या पात्राचं नाव होतं. स्वतःचं नाव यावं म्हणून लताबाईंना आग्रह धरावा लागला. पुढे ६० च्या दशकात रॉयल्टीवरून त्यांचं आणि रफींचं बिनसलं, काही वर्षं दोघे एकत्र गायले नाहीत. सिनेमातल्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा पक्का कायदेशीर हक्क मिळायला २०१२ ची कॉपीराइट दुरुस्ती यावी लागली. म्हणजे प्रत्येक रकान्यामागे भांडण आहे. रोजंदारीवर वाजवणाऱ्या पन्नास जणांसाठी कोण भांडणार?

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची ६० च्या दशकातली एकामागून एक हिट गाणी वाजवणारा ताफा एकच होता, फंक ब्रदर्स. त्यांची नावं पहिल्यांदा अल्बमवर ठळक छापली गेली ती १९७१ मध्ये, मार्विन गेच्या रेकॉर्डवर. त्यांच्यावर माहितीपट निघाला २००२ मध्ये.

याच गोवेकरांनी स्वतःच्या भाषेत गाणी केली तेव्हा काय झालं, ते बघण्यासारखं आहे. क्रिस पेरी हे मडगावचे ट्रंपेटवादक. त्यांनी कोकणीत स्वतः लिहून, स्वतः चाली बांधून लोर्ना या तरुण गायिकेकडून गाऊन घेतलं आणि ६०-७० च्या दशकांत गोव्याला वेड लावलं. तिथे लेबलवर नाव क्रिस पेरींचंच. कसब तेच, मातीही तीच, फक्त या वेळी माणूस रकान्याच्या आत होता. (हेच क्रिस पेरी पुढे काही वर्षं दुबईत राहून संगीत शिकवत होते. आखात आणि गोवा, दुसरं काय!)

आता मुद्द्याचं. लेबल गेलं, कॅसेट गेली, सीडी गेली. आज आपण ही गाणी मोबाइलवरच्या ॲपमध्ये ऐकतो. डिजिटल संगीताच्या प्रमाणित माहिती-पद्धतीत अरेंजर, वादक, अगदी कोणी कोणतं वाद्य वाजवलं त्यालाही जागा असते. रकाना अखेर छापला गेलाय! पण ६० च्या दशकातल्या गाण्यांची माहिती बहुतेक वेळा जुन्या लेबलवरूनच उतरवलेली असते, त्यामुळे तो रिकामा. ऑकलंडचे अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी या वादकांना गाठून, त्यांच्याशी बोलून २००८ साली पुस्तक लिहिलं. आपले अशोक राणे यांनी अँथनी गोन्साल्विसांवर माहितीपट केला. हे झालं नसतं तर वर लिहिलेली बरीच नावं मलाही कळली नसती. पण दोन-चार जण किती पुरे पडणार? आणि तेव्हा पंचविशीत असलेले वादक आज ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून तुम्हा तिकडे असलेल्यांना एक विनंती. गिरगावात, वांद्र्याला, पुण्यात, मडगावात, तुमच्या ओळखीत कुणी आजोबा असतील ज्यांनी कधीकाळी स्टुडिओत वाजवलं, तर त्यांच्याकडे जा. चहा घ्या. मोबाइलवर एकेक गाणं लावा आणि विचारा, "यात तुम्ही कुठे आहात?" ते सांगतील ते वहीत लिहून घ्या: गाणं, वाद्य, स्टुडिओ, शेजारी कोण बसलं होतं. फार मोठं संशोधन नाही हे, एका दुपारचं काम आहे. फक्त ती दुपार पुढच्या वर्षावर ढकलू नका.